सातवा खेळाडू

फाल्गुन वद्य बारस, रविवार, दुपार. हजर माणसं अशी. नांदखारच्या धक्क्यावरून निघालेल्या होडीत: नथू नाखवा, होडी त्याचीच, आमच्या टीमचा कॅप्टन इरफान, गोलकीपर असलेला माझा थोरला भाऊ मिलिंद, नथूचा पुतण्या दामू, आणि आणखी चार खेळाडू. खाडीपलीकडे हरवंड्याच्या मैदानावर: माझे बाबा, इरफानचे वडील आणि टीमचे मॅनेजर हमीदचाचा, फेरीबोटीने आधीच पोचलेले चार खेळाडू, आणि पाण्याचा कॅन, बुटांची पिशवी, हळद-कापसाचा डबा सांभाळत मी. घरी आई, एकटी.

माणसं आधी लिहून घ्यायची ही माझी सवय. मी सरकारी रुग्णालयात भांडारपाल आहे. कोण हजर होतं इथून सुरुवात केली की पुढचे निम्मे वाद कमी होतात, असा माझा अनुभव आहे. या गोष्टीत मात्र वाद असा कधी झालाच नाही. झाला असता तर बरं झालं असतं. मी तेव्हा अकरावीत होते, आणि ज्या टीमबद्दल लिहिते आहे ती त्या दिवसानंतर उरली नाही.

नांदखार दिघी बंदराच्या आतल्या अंगाला, खाडीच्या काठावर. गावात तीन वस्त्या: मशिदीभोवतालचा मोहल्ला, धक्क्याजवळचा कोळीवाडा, आणि वरच्या अंगाला आमची बौद्धवाडी. भात कापून झालं की खाडीलगतची चार-पाच खाचरं एकत्र करायची, मधले बांध फोडायचे, धसकटं उपटायची, की झालं मैदान. धसकटं उपटायला तिन्ही वस्त्यांतली माणसं यायची. तरी एखादं राहायचंच, आणि पोरांच्या पोटऱ्यांवर सबंध हंगामभर त्याचे ओरखडे असायचे. गोलाचे खांब सुरूच्या लाकडाचे. जाळी नथू नाखव्याची, मासेमारीतून बाद झालेली. उन्हात तापली की तिला अजून बांगड्यांचा वास सुटायचा. टीमचं नाव नांदखार स्पोर्टिंग. हमीदचाचा आखातातून कायमचे परत आले तेव्हा त्यांनी कुठल्याशा कंपनीच्या जर्सी आणल्या होत्या, जांभळ्या रंगाच्या, छातीवर अरबीत काहीतरी लिहिलेलं. मोहल्ल्यातल्या मौलवींनी वाचून सांगितलं की ती सिमेंट विकणारी कंपनी आहे. पलीकडच्या गावांना हे कळलं आणि आम्ही हरलो की ते ओरडायचे, "सिमेंट ओलं राहिलं!"

हरायचो आम्ही पुष्कळ. खाडीकाठच्या आठ गावांची मिळून एक लीग होती आणि तिचा नियम साधा होता: हंगामाअखेर जो तळाला राहील तो बाहेर, त्याच्या जागी नवं गाव आत. आम्ही दर वर्षी तळाच्या एक पायरी वर थांबायचो. हे जमायचं कसं, आणि आम्ही मुळात इतके खाली असायचो का, याचं कारण आमच्याच घरात होतं. माझे बाबा गावचे पोस्टमन होते.

आखातातल्या नोकरीचे कागद मुंबईच्या एजंटांकडून रजिस्टर टपालाने यायचे. जाड खाकी लिफाफा. तो कोणाकडे चालला आहे हे बाबांच्या चालीवरून कळायचं. चेंडू पायात ठेवता येणारा, दमसास असलेला, विशी-बाविशीचा मुलगा म्हणजे एजंटालाही हवाच असायचा. त्यामुळे हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा तेव्हा आमची टीम बरी असायची, आणि शिमग्यापर्यंत तिच्यातली निम्मी विमानात बसून गेलेली असायची. त्या वर्षी पहिला लिफाफा सलीमचा आला. उजवीकडून वाऱ्यासारखा धावणारा सलीम. शनिवार होता, रविवारी सामना. बाबा त्याच्या ओट्यावर उभे राहिले, मी शाळेतून येताना सायकलच्या मागे बसलेली.

"सलीम, सही कर."

सलीमने लिफाफा उलटापालटा करून पाहिला. "टपालकाका, सोमवारी दिला असतात तर? आता आजच मुंबई गाठायला लागणार, नाहीतर उद्याची मॅच तरी झाली असती."

"मॅच बघून वाटत न्हाय मी टपाल. कर सही."

घरी आल्यावर बाबा पाय धुता धुता म्हणाले, "गेला आपला राइट-आउट." आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "दोन दिवस पिशवीत ऱ्हायला असता लिफाफा, तर कुणाला कळणार व्हतं?" बाबा म्हणाले, "त्याच्या आईला रोज दारात बघतो मी. मला कळलं असतं." मग त्यांनी पायावरचं पाणी निपटलं आणि उद्या राइट-आउट कोण खेळणार याची चिंता करत बसले.

बाबांचं टीमशी इतकं काय होतं, हे मला लहानपणी कळत नसे. रविवारी ते इस्त्रीचा सदरा घालून मैदानावर जायचे, सबंध वेळ रेषेबाहेर येरझाऱ्या घालायचे, एक शब्द बोलायचे नाहीत, आणि हरून आले की अंगणात बराच वेळ सायकल पुसत बसायचे. त्यांनी ते एकदाच सांगितलं, तेही मला नाही, मिलिंदला. मिलिंद एका मोठ्या पराभवानंतर म्हणाला होता की आता पुरे, आपण आपल्या वाडीची वेगळी टीम काढू. बाबा म्हणाले, "माझ्या लहानपणी आमच्या वाडीची पोरं गोलामागं उभी असायची. चेंडू खाडीत गेला की आम्ही पोहून आणायचा आणि लांबूनच फेकायचा. एक दिवस हमीदभाईच्या टीमला एक माणूस कमी पडला. त्याने मला हात केला. मध्यंतरात कळशी फिरली, तर हमीदभाई आधी प्याला आणि तोच तांब्या त्याने माझ्या हातात दिला. काही बोलला न्हाय. नुसता दिला. नथू बाजूला बसला व्हता, माझ्यामागून तो प्याला. तवापासून ही टीम हाय. तू काढ वेगळी. मी बघायला येणार न्हाय." मिलिंदने तो विषय पुन्हा काढला नाही.

त्या हंगामात आमच्या घरातल्या रविवारच्या संध्याकाळी मला आवाजांसकट आठवतात. मोहल्ल्यातून मगरिबची अजान यायची, आमच्या विहारात वंदना सुरू व्हायची, धक्क्यावरच्या होड्यांची इंजिनं एकेक करून बंद पडायची, आणि या सगळ्यात आईच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. ताट वाढताना ती विचारायची.

"आज किती खाल्ले?"

"तीन," बाबा म्हणायचे.

"आणि दिले किती?"

"दिले न्हाय."

"मंग भूक नसंल. दोनच भाकऱ्या वाढते."

मिलिंद म्हणायचा, "आई, चौथा मी अडवला हो."

"मंग तुला एक जास्त." आणि ती खरंच एक जास्त वाढायची. पौषात वालाच्या शेंगा भरल्या की हरलेली टीम आमच्या मागच्या परड्यात पोपटी लावायला जमायची: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, भोवती पेटलेला पेंढा. इरफान मडक्याभोवती फिरत सामन्यातल्या चुका सांगायचा, दामू त्याची नक्कल करायचा, आणि हमीदचाचा म्हणायचे, "शेंगा शिजू दे रे, मग भांडा." हरण्यालाही एक वहिवाट असते. आम्ही तिच्यात रुळलो होतो.

शिमग्यापर्यंत आमचे चार जण आखातात गेले. त्यांच्या जागी शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मुलं आली. शेवटचा सामना हरवंड्याला, त्यांच्या मैदानावर. बाकी सगळ्या गावांचे सामने संपले होते आणि हिशोब सरळ होता: बरोबरी झाली तरी आम्ही राहतो, हरलो तर बाहेर. इरफान होता म्हणून आशा होती. इरफान टीमचा कणा होता. तो मधोमध उभा राहिला की बाकीच्यांना आपण कुठे उभं राहायचं ते कळायचं.

इरफानचा लिफाफा होळीच्या आठवड्यात आला. बाबा दुपारी जेवायला घरी यायचे, त्या दिवशी आले नाहीत. आधी हमीदचाचांच्या दुकानात गेले. मी आईने सांगितलं म्हणून त्यांना बघायला गेले, तर दोघं दुकानाच्या बाकड्यावर शेजारी शेजारी बसलेले, मध्ये तो लिफाफा. इरफानने दोन वर्षं खेटे घातले होते. एकदा एजंट पळून गेला होता, एकदा वैद्यकीय तपासणी फिसकटली होती. हमीदचाचांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते म्हणत होते, "अल्लाची मेहेरबानी, जाधवभाऊ. तुमच्या हातून आलं." बाबा म्हणाले, "हो." तिकीट सामन्याच्या रविवारचंच होतं, मध्यरात्रीनंतरच्या विमानाचं.

मग बेत ठरला, आणि मी आजही त्यात कागदावर चूक काढू शकत नाही. सामना चारला. हरवंडं मुंबईच्या रस्त्याला पडतं, म्हणून हमीदचाचांनी तिथेच जीप बोलावून ठेवली. बॅग, पासपोर्ट, कागद घेऊन ते स्वतः सकाळी फेरीबोटीने पुढे जाणार, त्यांच्याबरोबर बाबा, मी आणि चार खेळाडू. सामना साडेपाचच्या आत संपेल आणि इरफान मैदानावरूनच निघेल. अडचण एकच: इरफानच्या आईने सांगितलं होतं की दुपारची नमाज, घरचं जेवण आणि दुआ झाल्याशिवाय पोरगा उंबरा ओलांडणार नाही. त्यानंतर दिघीला जाऊन फेरीबोट, पुढे आगरदांड्याहून एस.टी., असं केलं तर चार कधीच वाजून जातील. तेव्हा नथू नाखवा म्हणाला, "मी सोडतो सरळ. मोठ्या होडीचं इंजिन खोललंय, पण धाकट्या होडीत सातही पोरं आरामात बसतील."

हमीदचाचांनी विचारलं, "सुकती असेल ना तेव्हा?"

"बारस हाय. तीनला पुरी सुकती. पण मधल्या नळीत पानी ऱ्हातं, चाचा. माझ्या बापाच्या टायमापासून ऱ्हातं. मी काय आज खाडी बघतंय?"

सुकती म्हणजे ओहोटी, आणि नळी म्हणजे खाडीच्या पोटातला खोल पाण्याचा पट्टा. ओहोटीला दोन्ही बाजूंचा चिखल उघडा पडतो, तेव्हाही लहान होडी त्यातून जाते. नथू खरं तेच सांगत होता. फक्त त्या थंडीत खाडीच्या तोंडाशी कुठल्याशा जेट्टीचं काम निघालं होतं, तळ खरवडून काढलेला गाळ पाण्यातच लोटला जात होता, आणि नथूचा सबंध हंगाम बाहेर दर्यात गेला होता; आतल्या खाडीत तो ओहोटीच्या वेळी फिरकलाच नव्हता. हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी होडीत आठ माणसं होती, आठही खाडीच्या काठावर वाढलेली. वल्ह्याशेजारी बांबू पडलेला होता. तो पाण्यात टाकून तळ किती आहे हे कोणीही पाहिलं नाही. परक्या गावचा माणूस असता तर दहादा विचारत, तळ चाचपत गेला असता. यांना विचारायचं कारणच नव्हतं.

हरवंड्याचं मैदान खाडीच्या बांधाला लागून. आम्ही बांधावर उभे होतो, तेव्हा होडी दिसली. पुढच्या टोकाला दामूने जांभळी जर्सी बांबूला लावली होती. पोरं ओरडत होती. आणि मग होडी थांबली. ओरडणंही थांबलं.

"इंजिन बंद पडलं वाटतं," हमीदचाचा म्हणाले.

आमच्या शेजारी हरवंड्याचे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं. "इंजिन न्हाय. बसली ती. पाणी सरकलं अलीकडं, ह्यो बघा पट्टा. गेल्या महिन्यापास्नं असाच."

खरंच पाण्याचा चकचकीत पट्टा आमच्या बाजूला सरकलेला होता, आणि होडी त्याच्या पलीकडे, करड्या चिखलाच्या मधोमध. पोरांचे चेहरे ओळखू यावेत इतकी जवळ. मिलिंद उडी टाकून निघाला आणि कंबरेपर्यंत रुतला. त्याला दोर टाकून वर ओढताना आम्ही पाहिलं. बाबांनी माझा खांदा धरला होता, तो नंतर दोन दिवस दुखत होता.

पंच बाहेरगावचे एक शिक्षक होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि अर्धा तास थांबतो म्हणाले. नियमही त्यांनी समजावून सांगितला: निदान सात माणसं मैदानात हवीत, सातपेक्षा कमी झाली की खेळ तिथेच संपणार आणि आम्ही हरलो असं धरलं जाणार. आमच्याकडे चार होती. बाबा म्हणाले, "मी उभा राहिलो तर? मी खेळलेला हाय या टीमकडून." पंच हसले नाहीत. "नाव नोंदलेलं नाही, काका," एवढंच म्हणाले. बाबा मान हलवून बाजूला झाले.

तिकडे नथूने होडीच्या तळाच्या फळ्या उचकटायला सुरुवात केली होती. चिखलावर एक फळी टाकायची, तिच्यावर उभं राहून पुढे दुसरी, मग मागची उचलून पुढे. दामू पुढे, मग इरफान, मग मिलिंद. पाण्याच्या पट्ट्याशी पोचल्यावर तिघे पोहत, मग काठाचा चिखल तुडवत आले. चौथा निघाला तोवर एक फळी मधोमध मोडली, आणि तेवढ्यात भरतीचं पाणी चिखलात शिरलं. भरती सुरू झाली की चिखल असा ढिला पडतो की फळीही धरत नाही, आणि होडी उचलायला तर पाणी अजून पुरेसं नाही. नथूने त्या मुलाला मागे ओढून घेतलं. म्हणजे चार आणि तीन, सात. पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हा साडेचार उलटून गेले होते.

अकरांविरुद्ध सात, त्यातले तिघे डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेले. तो खेळ मी इथे नीट सांगू शकणार नाही; मला खेळातलं तितकं कळत नाही. एवढं आठवतं की सुरुवातीलाच इरफानने लांबून मारलेला चेंडू त्यांच्या गोलकीपरच्या हातावरून आत गेला, आणि हरवंड्याची माणसंही टाळ्या वाजवायला लागली. पुढे त्यांनी बरोबरी केली. मग सगळा खेळ आमच्याच गोलापाशी. मिलिंद पडत होता, उठत होता. मध्यंतर झालं, पुन्हा सुरू झालं, एक-एक तसंच राहिलं. मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांना मोठ्याने बोलताना ऐकलं. ते नावं घेत होते. फक्त नावं, एकामागून एक, सातही जणांची.

आणि मग जीपचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर हमीदचाचांपाशी आला. "चाचा, साडेपाच कधीच होऊन गेले. पुढे रोह्याला फाटक लागलं तर मी काही बांधील नाही. आताच सांगून ठेवतो."

हमीदचाचांचा हात सदऱ्याच्या आतल्या खिशावर होता, तिथे पासपोर्ट होता. ते मैदानाकडे बघत नव्हते, खाडीकडे बघत होते. पाणी चढत होतं. होडी अजून तिरकी होती, पण तिच्या कडेला फेस दिसायला लागला होता. बाबा त्यांच्याजवळ गेले. मी कॅन घेऊन मागेच होते.

"पाणी येतंय, जाधवभाऊ," हमीदचाचा म्हणाले. "दहा मिनिटं. होडी सुटली की बाकीची पोरं येतील, मग हा निघेल."

"दहा मिनिटं कुणी सांगितली?"

हमीदचाचांनी पुन्हा पाण्याकडे पाहिलं.

"आज पाण्याचा भरवसा धरला, तो पुरे झाला. पोराला काढा बाहेर."

"मी काढू?" हमीदचाचांचा आवाज फुटला. "तो बाहेर आला की टीम संपली. टीमचा मॅनेजर मी. माझ्याच पोरासाठी मी ती संपवली असं गाव म्हणेल. सांगा, मी कसा काढू?"

बाबांनी एकदा मैदानाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी काढतो," आणि रेषेपर्यंत गेले.

"इरफान! ये बाहेर."

इरफान हात हलवत ओरडला, "टपालकाका, बरोबरी हाय! थोडंच ऱ्हायलंय!"

"ये म्हटलं ना."

"मी आलो तर सहाच ऱ्हातात!"

"मोजता येतं मला. ये."

तो आला. मला वाटतं दुसऱ्या कोणाच्या हाकेने तो आला नसता. चेंडू कुठेतरी चालूच होता, पंचांनी अजून पाहिलं नव्हतं. मी कॅनमधलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं, कारण तसल्या पायांनी जीपमध्ये बसला असता तर सबंध रस्ताभर चिखल सुटला नसता. त्या क्षणी मला सुचलं ते हेच. हमीदचाचांनी त्याला कोरडा सदरा आणि पासपोर्ट दिला. जर्सी त्याने काढून बाबांच्या हातात दिली आणि काहीतरी बोलायला गेला. बाबा म्हणाले, "पोचलास की पत्र टाक. मीच घेऊन येईन." जीप निघाली. मागे पंचांची शिट्टी वाजली, लांब, आणि खेळ थांबला.

त्यानंतर किती वेळ गेला ते मी मोजलं नाही, फार नाही. खाडीवरून हाक आली. "आलू रे! आलू! थांबा!" नथू नाखवा होडीत उभा राहून बांबू रेटत होता, चार पोरं काठ येण्याआधीच पाण्यात उड्या टाकून बूट हातात घेऊन धावत सुटली. ती बांधावर चढली आणि मैदानात घोळके करून उभी असलेली माणसं पाहून थांबली. नथू मागून आला, धापा टाकत.

"काय झाला?"

बाबा म्हणाले, "संपला खेळ, नाखवा."

नथू तिथेच बांधावर बसला. डोक्याचा फडका काढून त्याने तोंड पुसलं, आणि म्हणाला, "माझ्यापायी."

बाबांनी तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग त्यांची नजर हमीदचाचांकडे गेली. जीप गेली त्या रस्त्याकडे तोंड करून हमीदचाचा उभे होते, खांदे पडलेले. बाबांनी तोंड मिटलं. त्या एका क्षणात जे बोलायचं राहिलं, ते मग कायमचं राहिलं.

घरी आईने त्या दिवशी किती खाल्ले ते विचारलं नाही. नुसत्या भाकऱ्या वाढत राहिली.

गावात गोष्ट अशी झाली की नाखव्याने होडी चिखलात घातली आणि टीम बुडवली. सांगायला सोपी गोष्ट होती. मैदानावर असलेल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं की पाणी येत होतं, टीम त्या दहा मिनिटांत कदाचित राहिली असती, आणि तरीही माझ्या बाबांनी एक मुलगा बाहेर बोलावला. पण ते सांगायचं तर इरफानचं नाव निघणार, त्याच्या विमानाचं निघणार, आणि सबंध कोळीवाडा आणि आमची वाडी हमीदचाचांच्या दुकानाकडे बोट दाखवणार. म्हणून कोणीच सांगितलं नाही. दामूनेही नाही, आपल्या सख्ख्या काकाला. आम्ही तसं काही ठरवलं नव्हतं.

पुढच्या वर्षी भात कापून झालं, पण बांध कोणी फोडले नाहीत. मुलं क्रिकेटकडे वळली, ते आपापल्या वस्तीत खेळता येतं. नथू नाखवा मोहल्ल्याच्या रस्त्याने जायचा बंद झाला. बाबा कोळीवाड्यात टपाल घेऊन गेले की तो मागच्या दाराने धक्क्यावर जायचा; त्याची पत्रं बाबा त्याच्या सुनेकडे द्यायचे. तीस वर्षं एका तांब्याने पाणी प्यायलेली माणसं. मी एकदा, नोकरीला लागल्यावर, बाबांना विचारलं की तुम्ही त्याला सांगत का नाही.

"सांगितलं तर हमीदभाईच्या दारात जाईल ते."

"आणि आता आहे ते नाखव्याच्या दारात नाही का?"

बाबा उठून सायकल पुसायला गेले. मला ते तेव्हा उडवाउडवीचं वाटलं. आता तसं वाटत नाही. दोन मित्रांपैकी एकाला वाचवायचं होतं आणि त्यांनी निवड रेषेवर उभं असतानाच करून टाकली होती.

बाबा गेले त्याला काही वर्षं झाली. त्यांच्या पाठोपाठ हमीदचाचा. इरफान मयतीला आला होता, केस पांढरे, पोट सुटलेलं, तिकडे आता सुपरवायझर आहे. मी त्याला स्पष्टच विचारलं. तो म्हणाला, "सांग ना, सुजाताताई. माझी काय हरकत? माझं घर त्या जीपवर उभं आहे. मला वाटलं नाखव्याला माहीत असेल." खाचरं विकली गेली, तिथे कुंपण आहे. फेरीबोटीतून आता मोटारी जातात. म्हणजे न सांगण्याची जी जी कारणं होती, ती एकेक करून संपली.

नथू नाखवा आहे. नव्वदीकडे झुकला आहे, डोळ्यांनी कमी दिसतं, ऐकू मात्र चांगलं येतं असं दामू सांगतो. दर रविवारी करायच्या कामांची मी यादी करते, आणि त्यातलं हे एक काम मी पुढच्या रविवारवर टाकत आले आहे. कधी पाहुणे, कधी रुग्णालयातला साठा मोजायचा. काम अवघड नाही. कोळीवाड्यात जायचं. मोठ्याने नाव सांगायचं, पोस्टमनची मुलगी म्हणून. त्याच्या ओट्यावर बसायचं आणि सांगायचं की नाखवा, होडी बसली हे खरं, पण तुम्ही यायच्या आधी खेळ संपला तो माझ्या बाबांनी संपवला, आणि ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. एवढंच. अजून गेलेले नाही.